न थांबणारी गाडी : कोळसा, रूळ आणि वीज

ब्रिटिश रेल्वेची जी स्मृती कलेने आणि साहित्याने जपली आहे ती मुख्यतः प्रवाशाची स्मृती आहे. टर्नरने १८४४ साली पाऊस, वाफ आणि वेग एकत्र रंगवले तेव्हा त्याच्या पुलावरून धावत होती ती ग्रेट वेस्टर्नची प्रवासी गाडी. एडवर्ड थॉमसच्या 'ॲडलस्ट्रॉप'मध्ये जूनमधल्या एका तापलेल्या दुपारी आडबाजूच्या स्थानकावर अनपेक्षितपणे थांबते ती एक्स्प्रेस. १९३६ च्या 'नाइट मेल' या माहितीपटासाठी ऑडनने कविता लिहिली ती डाकगाडीवर. १९६३ मध्ये फ्लँडर्स आणि स्वान या जोडीने 'स्लो ट्रेन' हे गाणे रचले. त्यात बंद होऊ घातलेल्या छोट्या स्थानकांची नावेच विलापिकेसारखी ओवली आहेत. या परंपरेत रेल्वे म्हणजे फलाट, खिडकी, निरोप, भेट आणि क्वचित उशीर.

इतिहास मात्र निराळे सांगतो. २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झालेली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे बांधली गेली ती शिल्डन परिसरातील खाणींचा कोळसा टीझ नदीकाठच्या स्टॉकटनपर्यंत नेण्यासाठी. प्रवासी हा तिच्या दृष्टीने जोडधंदा होता. कोळसागाडी ही ब्रिटिश रेल्वेची मूळ संहिता आणि प्रवासी गाडी ही तीत नंतर पडलेली भर, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये. मग जी मूळ संहिता, तिचेच वाचन इतके कमी का झाले? आणि ती संहिता संपली, म्हणजे अगदी अलीकडे, २०२४ साली, तेव्हा तिच्यासाठी कोणी विलापिका का रचली नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येईल की कोळसागाडी कुरूप असते, काळी असते, तिच्यात कोणी बसलेले नसते. हे उत्तर अपुरे आहे. माझ्या मते खरे कारण त्या गाडीच्या रचनेत घडून आलेल्या बदलात शोधले पाहिजे. जुनी कोळसागाडी हातांनी चालत होती. पावलोपावली तिला माणूस लागत होता. १९६० च्या दशकात तिची पुनर्रचना झाली ती माणूस वगळण्याच्या उद्देशाने, आणि ती रचना इतकी निर्दोष साधली की गाडी खाण आणि वीजकेंद्र यांच्यामध्ये न थांबता फिरू लागली. जी थांबत नाही तिच्याभोवती गोष्ट जमत नाही. आणि जिला माणसे लागत नाहीत तिच्या शेवटी रडणारेही उरत नाहीत. हे सगळे एकाच परगण्यात, नॉटिंगहॅमशरमध्ये आणि त्याच्या सीमेवर, जवळजवळ संपूर्ण पाहता येते. म्हणून या लेखापुरते आपण तेथेच राहू.

*

नॉटिंगहॅमजवळ स्ट्रेली येथील खाणींपासून वुलाटनपर्यंत सुमारे दोन मैल लांबीचा लाकडी रुळांचा मार्ग १६०३-०४ च्या सुमारास बांधला गेला. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या ज्ञात मार्गांपैकी तो एक. घोडे गाड्या ओढत आणि गाड्यांत कोळसा असे. तो बांधणारा हंटिंग्डन बोमंट हा कल्पक आणि उधळ्या उद्योजक होता. कोळशाच्या धंद्यात त्याने पुष्कळ पैसा बुडवला आणि १६२४ साली नॉटिंगहॅमच्या तुरुंगात कर्जबाजारी कैदी म्हणून त्याचा अंत झाला. वाफेच्या इंजिनाला अजून दोनशे वर्षे अवकाश होता. पण कोळसा आणि रूळ यांचा संसार सुरू झाला होता.

दुसरा प्रसंग १८३२ चा. त्या वर्षी जुलैमध्ये लेस्टर-स्वानिंग्टन रेल्वे सुरू झाली आणि लेस्टरशरचा कोळसा लेस्टरच्या बाजारात स्वस्तात पोहोचू लागला. तोवर ती बाजारपेठ एरीवॉश खोऱ्यातील खाणमालकांच्या हातात होती. त्यांचा कोळसा कालव्याने जाई. धंदा हातचा जातो असे दिसताच १६ ऑगस्ट १८३२ रोजी हे खाणमालक ईस्टवुड गावातील 'सन इन' या खानावळीत जमले आणि पिंक्स्टनपासून लेस्टरपर्यंत आपलीच रेल्वे बांधण्याचे त्यांनी ठरवले. यातून मिडलंड काउंटीज रेल्वे जन्मली. १८४० मध्ये तिचा मार्ग ट्रेंट नदी ओलांडून लेस्टर आणि रग्बीपर्यंत गेला. १८४४ मध्ये आणखी दोन कंपन्यांशी तिचे विलीनीकरण होऊन मिडलंड रेल्वे ही बलाढ्य संस्था उभी राहिली. गंमत अशी की ज्या एरीवॉश खोऱ्यासाठी हा खटाटोप झाला, तेथपर्यंतचा फाटा मूळ योजनेतून गळाला आणि तो प्रत्यक्षात यायला १८४७ उजाडावे लागले.

हे ईस्टवुड साहित्याच्या अभ्यासकांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १८८५ मध्ये डी. एच. लॉरेन्स तेथे जन्मला. त्याचे वडील जवळच्या ब्रिन्स्ली खाणीत कामाला होते. लॉरेन्सच्या 'ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स' (१९११) या कथेचा आरंभ आठवावा. भरलेल्या सात वाघिणी ओढत एक छोटे इंजिन खडखडत उतारावरून येते आणि रुळांच्या कडेने चालणारी एक बाई त्या वाघिणी आणि कुंपण यांच्यामध्ये अंग चोरून उभी राहते. कथेतील मृत्यू खाणीत घडतो. पण लेखकाने दार उघडले आहे ते कोळसागाडीने. येथे लेखक गाडीत बसलेला नाही, तो गाडीबाहेर उभा आहे. 'ॲडलस्ट्रॉप' आणि 'नाइट मेल' यांच्या परंपरेत ही जागा फार थोड्यांनी घेतली. जॉर्ज ऑर्वेलचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. 'द रोड टू विगन पिअर' (१९३७) मध्ये तुंबलेली मोरी काठीने मोकळी करणारी एक तरुण स्त्री त्याला चालत्या गाडीच्या खिडकीतून दिसते. तिचा हताश चेहरा विसरणे अशक्य आहे. परंतु त्याच्या रोजनिशीत ती स्त्री त्याला दिसली आहे ती एका गलिच्छ बोळातून पायी जाताना. पुस्तकात आणताना ऑर्वेलने तिला खिडकीच्या चौकटीत बसवले. दुःखाचे दर्शन प्रवाशाला व्हावे, ही इतकी पक्की वाङ्मयीन सवय होती की प्रत्यक्ष पायी पाहिलेलेही गाडीतून पाहिले गेले.

*

लॉरेन्सच्या कथेतील ती खडखड हा केवळ वातावरणनिर्मितीचा भाग नव्हे. जुन्या कोळसागाडीच्या वाघिणी एकमेकींना तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडलेल्या असत. इंजिनाने ओढ घेतली की एकेक कडी ताणली जाई आणि ब्रेक लावला की वाघिणी एकमेकींवर आदळत जात. सबंध गाडीला एकत्र लागू होणारा ब्रेक नसे. ब्रेक असे तो पुढे इंजिनाला आणि मागे गार्डच्या डब्याला. प्रत्येक वाघिणीला हाताने लावायचा दांडा असे, आणि मोठा उतार आला की गाडी थांबवून ते दांडे एकेक करून दाबावे लागत. परिणामी गाडी अतिशय मंद चाले आणि वेगवान गाड्यांना वाट देण्यासाठी बाजूच्या रुळांवर तासन्‌तास उभी राही.

शिवाय वाघिणी एका मालकाच्या नसत. खाणमालक, कोळशाचे व्यापारी, सहकारी संस्था यांच्या स्वतःच्या वाघिणी असत. त्यांवर मालकाचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले असे. १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा अशा पाच लाखांहून अधिक खासगी वाघिणी सरकारच्या पदरी आल्या. रिकामी वाघीण ज्याची त्याला परत पोहोचवायची, तर तिची छाननी आलीच. एरीवॉश खोऱ्याच्या तोंडाशी असलेले टोटन येथील आवार याच छाननीचे युरोपातील एक प्रचंड केंद्र होते. गाडी कृत्रिम टेकाडावर ढकलायची, साखळ्या सोडायच्या, आणि उताराने सुटलेल्या वाघिणी सांधे बदलत आपापल्या रुळावर पाठवायच्या, असे काम तेथे रात्रंदिवस चाले. टोटनहून लंडनच्या ब्रेंट आवाराकडे कोळशाच्या गाड्यांची अखंड रीघ असे. त्या ओढण्यासाठी एल.एम.एस. कंपनीने १९२७ ते १९३० या काळात तेहतीस अजस्र गॅरट इंजिने घेतली, कारण तोवर एकेका गाडीला दोन दोन लहान इंजिने जोडावी लागत होती.

या व्यवस्थेतील माणसे मोजावीत. खाणीच्या तोंडाशी वाघीण भरणारे, तिचे वजन लिहिणारे, साखळी अडकवणारे आणि सोडणारे, सांधेवाले, सिग्नलमन, फायरमन, ड्रायव्हर, गार्ड, आवारातील मुकादम, मालधक्क्यावर फावड्याने वाघीण रिकामी करणारे, आणि शेवटी पोते पाठीवर घेऊन दाराशी येणारा कोळसेवाला. ही व्यवस्था संथ आणि उधळी होती, अपघातांना आमंत्रण देणारी होती. साखळ्या जोडताना-सोडताना कामगारांची हाडे मोडत आणि जीवही जात. तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण ती व्यवस्था माणसांच्या भाषेत चालत होती, म्हणून तिच्यात गोष्टीला जागा होती.

*

कोळसा दाराशी येण्याऐवजी तारेतून येऊ लागला तेव्हा ही साखळी तुटायला आरंभ झाला. १८८२ च्या जानेवारीत लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट येथे एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केले. त्या प्रकारचे जगातील ते पहिलेच. त्यानंतर कित्येक दशके वीजकेंद्र शहरातच असे. वीज लांब नेणे अवघड होते, म्हणून कोळसाच लांबून शहरात आणला जाई. १९२६ च्या कायद्यानंतर १,३२,००० व्होल्टची राष्ट्रीय ग्रिड उभी राहिली. १९५३ पासून २,७५,००० आणि १९६५ पासून ४,००,००० व्होल्टच्या वाहिन्या आल्या. आता गणित उलटे झाले. कोळसा शहराकडे नेण्यापेक्षा खाणीजवळच जाळून वीज शहराकडे धाडणे स्वस्त पडू लागले. १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घराघरातील शेगड्यांची मागणीही ओसरू लागली.

खाणीजवळ जागा आणि थंड करायला मुबलक पाणी या दोन्ही गोष्टी ट्रेंट नदीच्या काठी होत्या. म्हणून तिच्या खोऱ्यात एकामागून एक प्रचंड वीजकेंद्रे उभी राहिली : हाय मार्नहॅम, वेस्ट बर्टन, कॉटम, रॅटक्लिफ-ऑन-सोर. यांपैकी रॅटक्लिफचे बांधकाम १९६३ मध्ये सुरू झाले आणि १९६८ पर्यंत ते पूर्ण क्षमतेने चालू लागले. ५०० मेगावॉटचे चार संच, आठ कूलिंग टॉवर आणि १९९ मीटर उंचीचे धुराडे. त्याची जागा पाहण्यासारखी आहे. ट्रेंट आणि सोर यांच्या संगमाजवळ, १८४० च्या त्या मिडलंड काउंटीज मार्गाच्या अगदी कडेला ते उभे राहिले. ईस्टवुडच्या खानावळीत कोळशासाठी योजलेल्या रेल्वेला सव्वाशे वर्षांनी कोळशाचा सर्वांत मोठा भूकबळ असा गिऱ्हाईक तिच्या दारातच मिळाला.

तो किती मोठा होता याचा हिशेब सोपा आहे. २,००० मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे २०,००० टन कोळसा लागतो. सोळा टनांच्या जुन्या वाघिणींत तो भरायचा तर रोज साडेबाराशे वाघिणी आणाव्यात, रिकाम्या कराव्यात आणि परत पाठवाव्यात. टोटनच्या पद्धतीने हे घडणे शक्यच नव्हते.

*

मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल ब्रिटिश लोकस्मृतीत खलनायक होऊन बसला आहे. २,३०० हून अधिक स्थानके आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस त्यात होती. 'स्लो ट्रेन' हे गाणे त्याच वर्षीचे. पण अहवालाचा एक भाग तोडण्याचा आहे तसा दुसरा बांधण्याचा आहे, आणि त्या दुसऱ्या भागात कोळसा मध्यवर्ती आहे. वाघीण ही आयुष्याचा बहुतांश काळ उभीच असते, हे बीचिंग यांनी दाखवून दिले आणि तिच्याऐवजी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अखंड जाणाऱ्या पूर्ण गाडीचा पुरस्कार केला. जानेवारी १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वे, राष्ट्रीय कोळसा मंडळ आणि मध्यवर्ती वीजनिर्मिती मंडळ यांच्यात तसा करार जाहीर झाला. या योजनेला नाव मिळाले 'मेरी-गो-राऊंड', म्हणजे जत्रेतला गोल फिरणारा पाळणा. कल्पनेचे श्रेय सामान्यतः जेरार्ड फाइन्स या रेल्वे अधिकाऱ्याला दिले जाते. १९६७ मध्ये 'आय ट्राइड टु रन अ रेल्वे' हे परखड आत्मकथन लिहिल्याबद्दल त्यांना नोकरी गमवावी लागली.

योजना अशी होती. खाणीवर कोळशाचा उंच बंकर असावा आणि गाडीने त्याखालून अतिमंद गतीने सरकत सरकत भरून घ्यावे. वीजकेंद्रात रूळ वर्तुळाकार वळवलेले असावेत. तेथे गाडीने ताशी अर्ध्या मैलाच्या आसपासच्या वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही कितीतरी हळू, खालच्या हौदावरून जावे. रुळाकडेच्या यंत्रणेने वाघिणींची तळदारे आपोआप उघडावीत, कोळसा खाली पडावा, दारे आपोआप मिटावीत आणि गाडीने तसेच वळण घेऊन खाणीकडे निघावे. इंजिन सोडायचे नाही, वाघीण तोडायची नाही, सांधा बदलायचा नाही, थांबायचे नाही. १९६५ मध्ये नॉटिंगहॅमशरमधील वेस्ट बर्टन केंद्राला या पद्धतीने कोळसा मिळू लागला. नव्या वाघिणीत साडेबत्तीस टन कोळसा मावे. तीसएक वाघिणींची गाडी हजार टन आणी. अशा वीस गाड्यांत केंद्राचा दिवस भागे. अनेक खाणींवर भरणीचे बंकर लगेच उभे राहिले नाहीत, त्यामुळे वर्तुळाचे एक टोक बराच काळ जुन्या पद्धतीत अडकलेले होते; तरी तत्त्व सिद्ध झाले होते.

या दहा हजारांहून अधिक वाघिणी बांधल्या गेल्या कोठे? मुख्यतः शिल्डनच्या कारखान्यात. १८२५ च्या रेल्वेचे जे पाळणाघर, तेथेच शेवटच्या पिढीची कोळशाची वाघीण तयार झाली. १९८२ मध्ये ही मालिका पूर्ण झाली आणि १९८४ मध्ये कारखाना बंद झाला. वाघीण इतकी चोख होती की आणखी वाघिणींची गरज उरली नव्हती.

येथे पुन्हा लॉरेन्सकडे वळावेसे वाटते. 'विमेन इन लव्ह' (१९२०) मधील रेल्वे फाटकाचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. कोळशाच्या वाघिणी आदळत-आपटत पुढून जात आहेत आणि खाणमालक जेराल्ड क्रिच बिथरलेल्या अरबी घोडीला टाचांनी रक्तबंबाळ करीत फाटकाशी उभी ठेवतो आहे. समीक्षकांनी त्यात पुरुषी सत्ता पाहिली, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कादंबरीत पुढे 'औद्योगिक सम्राट' या अर्थाच्या शीर्षकाचे एक प्रकरण आहे. त्यात जेराल्ड वडिलांची ढिसाळ, दयाळू व्यवस्था मोडून खाणींचे रूपांतर एका परिपूर्ण यंत्रात करतो. यंत्र सिद्ध होते आणि मग त्याच्या ध्यानात येते की आता त्या यंत्राला त्याचीही गरज राहिलेली नाही. रात्री आरशात स्वतःचा चेहरा पाहताना त्याला भीती वाटू लागते. मेरी-गो-राऊंडच्या पंचेचाळीस वर्षे आधी, त्याच परगण्यात जन्मलेल्या लेखकाने परिपूर्ण व्यवस्थेचा हा स्वभाव ओळखला होता.

*

माणूस वगळण्याचा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाचा नव्हता. तो सत्तेचा होता. टिमथी मिचेल यांनी 'कार्बन डेमॉक्रसी' (२०११) या ग्रंथात असा विचार मांडला आहे की कोळसा खाण, रूळ, बंदर अशा अरुंद वाटांनी जातो आणि प्रत्येक वळणावर त्याला कामगारांचे हात लागतात. हे हात थांबले की सारा देश थांबतो, आणि या सामर्थ्यावरच कामगारांनी लोकशाही हक्क मिळवले. तेल नळातून वाहते, त्याला हात कमी लागतात. म्हणून तेलाच्या युगात ते सामर्थ्य क्षीण झाले. ब्रिटिश उदाहरणावरून या मांडणीत एक भर घालता येईल : मेरी-गो-राऊंडने कोळशालाच तेलासारखे वाहते केले. रूळ होते, गाडी होती. पण ती आता नळासारखी होती.

१९७२ च्या खाणकामगारांच्या संपात जुने सामर्थ्य अजून शाबूत होते. संपकऱ्यांनी वीजकेंद्रांच्या दारांशी धरणे धरले, रेल्वेकामगारांनी त्यांना ओलांडून कोळसा नेण्यास नकार दिला, आणि देशभर वीजकपात झाली. १९७४ च्या आरंभी उद्योगांसाठी तीन दिवसांचा आठवडा लागू करावा लागला आणि सरकार पडले. यातून सत्ताधाऱ्यांनी घेतलेला धडा साधा होता : वीजकेंद्रांच्या आवारात डोंगराएवढा कोळसा आधीच साठवून ठेवावा. मार्च १९८४ मध्ये मोठा संप सुरू झाला तेव्हा हे साठे तयार होते. शिवाय देशव्यापी मतदान न घेता पुकारलेल्या संपात नॉटिंगहॅमशरचे बहुसंख्य खाणकामगार सामील झाले नाहीत. म्हणजे ट्रेंट खोऱ्यातील केंद्रांच्या शेजारच्या खाणी चालूच होत्या.

अशा वेळी शेजारच्या लेस्टरशरमधील कोलव्हिल येथे जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील बहुतेक खाणकामगार कामावर जात होते, आणि तेथील रेल्वेकामगारांनी मात्र त्यांनी काढलेला कोळसा वाहून नेण्यास नकार दिला. दबाव आला, शिस्तभंगाच्या धमक्या आल्या. जवळपास वर्षभर ते ठाम राहिले. ज्यांच्यासाठी आपण नोकरी पणाला लावतो आहोत ते शेजारी रोज कामावर जाताना त्यांना दिसत होते. तरीही गाडी हलली नाही. न थांबणारी गाडी थांबवण्याची ताकद अजून काही थोड्या हातांत होती, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु तो कोळसा मालमोटारींनी रस्त्याने गेला, तेलावर चालणारी केंद्रे पूर्ण भाराने चालवली गेली, आणि दिवे विझले नाहीत. ३ मार्च १९८५ रोजी संप मागे घेतला गेला.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. ऑक्टोबर १९९२ मध्ये पन्नासपैकी एकतीस खाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. संपात कामावर जाणाऱ्या नॉटिंगहॅमशरच्या खाणींनाही त्यांची निष्ठा वाचवू शकली नाही. परगण्यातील शेवटची खाण थोर्झ्बी जुलै २०१५ मध्ये आणि देशातील शेवटची खोल खाण केलिंगली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद झाली. तरी गाड्या धावतच होत्या, आणि आता त्या पूर्वीपेक्षा लांब पल्ल्याच्या होत्या. कारण कोळसा परदेशातून जहाजाने इमिंगहॅमसारख्या बंदरांत उतरत होता. ज्या वीजकेंद्रांची जागाच खाणीजवळ असावी म्हणून निवडली होती, त्यांना समुद्रापलीकडून कोळसा येऊ लागला. एप्रिल २०१५ मध्ये कार्बन उत्सर्जनावरील कर जवळजवळ दुप्पट झाला आणि कोळशाची वीज परवडेनाशी झाली. दोनतीन वर्षांत रेल्वेचा सर्वांत जुना माल जवळपास नाहीसा झाला. ड्रॅक्सच्या वीजकेंद्रात आता लाकडाच्या गोळ्यांच्या गाड्या जातात. २८ जून २०२४ रोजी सुमारे १,६५० टन कोळसा घेऊन शेवटची गाडी रॅटक्लिफला पोहोचली, आणि ३० सप्टेंबरला ते केंद्र बंद झाले. हॉलबर्नपासून १४२ वर्षे झाली होती.

*

या शेवटाबद्दल हळहळावे काय? पर्यावरणाच्या दृष्टीने नाही. याच उंच धुराड्यांतून निघालेल्या गंधकाने नॉर्वे-स्वीडनच्या सरोवरांवर आम्लपाऊस पाडला. आणि हवेत गेलेल्या कार्बनचा हिशेब तर पृथ्वी अजून चुकवते आहे. कोळसा जाणे आवश्यकच होते. पण एखादी गोष्ट जाणे आवश्यक असणे आणि ती कोणाच्याही लक्षात न येता जाणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

फिलिप लार्किनच्या 'द व्हिटसन वेडिंग्ज' या कवितेत लंडनकडे धावणाऱ्या गाडीच्या खिडकीतून एक कूलिंग टॉवर दिसतो आणि मागे पडतो. हा संग्रह १९६४ चा. मेरी-गो-राऊंडचा करार जाहीर झाला तेच वर्ष. आधी एक चित्रपटगृह, मग तो टॉवर, मग क्रिकेटचा चेंडू टाकायला धावणारे कोणीतरी. कवीने अचूक टिपले आहे : प्रवाशाला वीजकेंद्र एवढेच दिसते. २००९ पासून रॅटक्लिफच्या कुंपणाला लागूनच ईस्ट मिडलंड्स पार्कवे हे प्रवासी स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्यांनी पंधरा वर्षे ते आठ मनोरे पाहिले. मनोऱ्यांच्या पायथ्याशी माणसाच्या चालीहून हळू सरकणारी गाडी किती जणांनी पाहिली असेल?

वाफेच्या इंजिनांच्या वारसा-रेल्वे ब्रिटनमध्ये आजही लोकप्रिय आहेत. वेल्समधील मर्थर टिडफिलजवळची मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाल्यावर त्यांना आयात कोळशावर अवलंबून राहावे लागते. म्हणजे स्मृतिरंजनाची गाडी धावते आहे, आणि जिच्यामुळे रूळ पडले ती गाडी गेली आहे. आपल्याकडे सिंगरौली, कोरबा, रामगुंडम येथील एनटीपीसीच्या केंद्रांत खाणीपासून भट्टीपर्यंत फिरणाऱ्या गाड्यांना अजूनही 'मेरी-गो-राऊंड' असेच म्हणतात. त्या अर्थी ही संहिता पूर्ण झालेली नाही, तिचा एक अध्याय आपल्याच देशात लिहिला जातो आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातून घेण्यासारखी एक सवय आहे. रेल्वेवरची कविता किंवा कथा वाचताना लेखक गाडीच्या आत बसला आहे की बाहेर रुळाशी उभा आहे, हे आधी पाहावे. ब्रिन्स्लीच्या वाटेवर कुंपणाला टेकून उभी असलेली ती बाई अंडरवुडकडे जात होती, पण कशासाठी, हे लॉरेन्सने सांगितलेले नाही. वाघिणी निघून जाईपर्यंत तिला उभे राहावे लागले, एवढे मात्र त्याने पाहिले होते.